आधी पार्किंग बघा, मग गाडी: पहिली इलेक्ट्रिक कार घेणाऱ्यांसाठी

आमच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी हिरव्या नंबरप्लेटची एकच गाडी होती, माझी. आता अकरा आहेत. रविवारी सकाळी खाली गाडी पुसत असलो की कोणीतरी येऊन विचारतंच, "काय हो, परवडते का?" या प्रश्नाचं उत्तर शोरूममध्ये मिळत नाही. ते तुमच्या पार्किंगमध्ये, तुमच्या वीजबिलात आणि रोज किती गाडी चालवता त्या आकड्यात दडलेलं असतं. म्हणून हा लेख गाडीपासून सुरू होत नाही.

पायरी पहिली: महिन्याचे किलोमीटर काढा

पेट्रोल पंपाच्या पावत्या किंवा सर्व्हिसच्या वेळचे ओडोमीटरचे आकडे बघा आणि महिन्याची खरी सरासरी काढा. अंदाज बांधू नका, कारण आपण नेहमी जास्तच सांगतो. मी छातीठोकपणे "दीड हजार" म्हणायचो, निघाले साडेनऊशे.

आता हिशेब. शहरात लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी घ्या, पेट्रोल 104 रुपयांच्या आसपास धरा. किलोमीटरला साधारण 7 रुपये पडले. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला 6 ते 7 किलोमीटर जाते. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून 6 धरू. घरची वीज सगळे आकार मिळून 12 रुपये युनिट पडत असेल तर किलोमीटरला 2 रुपये. म्हणजे महिन्याला हजार किलोमीटरमागे साधारण 5,000 रुपये वाचले, वर्षाला 60,000. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक तीन लाखांनी महाग असेल तर फरक पाच वर्षांत भरून निघतो.

हेच महिन्याला चारशे किलोमीटरचं गणित केलं तर वर्षाला 24,000 वाचतात आणि तीन लाख वसूल व्हायला साडेबारा वर्षं लागतात. तेव्हा तुमची गाडी फक्त शनिवारी-रविवारी मंडईपर्यंत आणि सणाला सासुरवाडीपर्यंत जात असेल, तर पैसे वाचवण्यासाठी इलेक्ट्रिक घेऊ नका. आवडते म्हणून घ्या, ती गोष्ट वेगळी. आणि पुन्हा सांगतो, यातला प्रत्येक आकडा स्वतःचा टाकून बघा.

किलोवॅट-अवर या शब्दाला बिचकू नका. एक किलोवॅट-अवर म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. 45 किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे 45 युनिटं मावणारी टाकी, इतकं सोपं आहे.

पायरी दुसरी: पार्किंग, मीटर आणि सोसायटी

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

तुमची जागा ठरलेली आहे का, तिथपर्यंत तुमच्या मीटरवरून वायर नेता येते का, ती किती मीटर लांब पडेल, हे आधी बघा. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर प्रश्न तासाभरात सुटतो. फ्लॅट असेल तर मीटर बहुधा तळमजल्याच्या मीटर रूममध्ये असतो आणि गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे अंतर फार नसतं. जागाच ठरलेली नसेल, जो आधी येईल त्याची, अशी पद्धत असेल तर स्वतःचा चार्जर विसरा. तिथे सोसायटीचा सामाईक चार्जर हाच मार्ग.

मग वीजबिलावर "मंजूर भार" शोधा, म्हणजे तुमच्या मीटरवरून एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे तो आकडा. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर जाड पिनांच्या, गिझरला असतो तशा सॉकेटवर चालतो आणि साधारण 3 किलोवॅट ओढतो. म्हणजे दीड गिझर. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर 7.2 किलोवॅटचा असतो. त्यासाठी बहुतेक घरांना मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि कधी कधी थ्री-फेज जोडणी घ्यावी लागते.

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. "मोठा चार्जर हवाच, नाहीतर रात्रभरात गाडी भरणार कशी?" पण रोज गाडी शून्यापासून भरायची नसते. दिवसाला पन्नास किलोमीटर चालली तर 8-9 युनिटं लागतात. साध्या सॉकेटवर तीन तासांचं काम. रात्री दहाला लावली की एकच्या आत भरून झाली, तुम्ही उठेपर्यंत ती नुसती उभी आहे. मी तीन वर्षं साध्या सॉकेटवरच आहे. गाडीसोबत मोठा चार्जर फुकट मिळत असेल तर घ्या, पण त्यासाठी पन्नास हजारांचं वायरिंग करण्याआधी सहा महिने साध्यावर काढून बघा.

सॉकेटची किंमत कमी, पण त्यामागचं काम नीट हवं. घराच्या जुन्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण. गाडी तासन्तास सलग वीज ओढते, मिक्सरसारखी दोन मिनिटं नाही. स्वतंत्र वायर, भार जास्त झाला की वीज तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, एवढं तरी हवंच. अर्थिंग खराब असेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून चक्क नकार देतो. "गाडी बिघडली" म्हणून सर्व्हिस सेंटरला केल्या जाणाऱ्या कितीतरी फोनांचं मूळ बिल्डिंगच्या अर्थिंगच्या खड्ड्यात असतं. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि वायरची जाडी त्याला अंतर मोजून ठरवू द्या.

आता सोसायटी. ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते किंवा त्यासाठी वेगळी जोडणी मागता येते. पण सेक्रेटरींच्या अंगावर नियम फेकून काम होत नाही, हे मी सांगायला नको. एका पानाचं पत्र लिहा. वायर कुठून जाईल याचं रेखाटन, भार किती, खर्च सगळा माझा, वीज माझ्या मीटरवरून, काम परवानाधारकाकडून, पुढे काही दुरुस्ती निघाली तर माझ्या खर्चाने, हे सगळं त्यात असू द्या. तोंडी परवानगीवर वायर ओढू नका. कमिटी बदलते.

आक्षेप ठरलेले असतात. "आग लागली तर?" याला उत्तर म्हणजे एमसीबी, आरसीसीबी आणि इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र. "लिफ्टचा भार कमी पडेल" याला उत्तर, हा भार सामाईक मीटरवर नाहीच. "उद्या सगळ्यांनी मागितलं तर?" हा प्रश्न मात्र रास्त आहे, हसून घालवू नका. वीसेक घरांनी एकाच वेळी सात-सात किलोवॅट ओढले तर बिल्डिंगच्या ट्रान्सफॉर्मरला ते खरंच जड जाईल. आमच्याकडे चौथ्या गाडीनंतर कमिटीने शहाणपणा केला. एकदाच केबल ट्रे टाकून घेतला, खर्च गाडीवाल्यांत वाटला आणि रात्री अकराच्या आधी चार्जिंग सुरू करायचं नाही, असं ठरवलं. गाडीत वेळ लावून ठेवता येते, त्यामुळे कोणाला जागं राहावं लागत नाही.

पायरी तिसरी: वीजबिलाची भीती

"शंभरावर युनिटं गेली की सगळं बिल वरच्या दराने येतं" हा गैरसमज घराघरांत आहे. तसं नसतं. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत: 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. वरचा दर फक्त त्या टप्प्यात गेलेल्या युनिटांना लागतो. घरात 200 युनिटं लागतात आणि गाडीची 167 वाढली, तर 67 युनिटंच तिसऱ्या टप्प्याच्या दराने येतील. ज्यांच्या घरी तीन एसी आहेत आणि बिल आधीच 500 युनिटांपुढे आहे, त्यांची मात्र गाडी सगळीच्या सगळी महागड्या टप्प्यात चार्ज होते. त्यांनी स्वतंत्र जोडणी आणि तिला लागणारा दर यांची चौकशी आपल्या वीज कार्यालयात जरूर करावी. नव्या जोडणीचा खर्च आणि स्थिर आकार धरूनच तुलना करा. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा पॉवर यांचे दर वेगळे, तेव्हा पुण्याच्या मित्राचा हिशेब दादरला लावू नका.

छत स्वतःचं असेल तर सौर पॅनेलचा विचार गाडीबरोबरच करा. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिटं देतं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट आणि त्यावरच्या घरगुती यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. माझ्या एका मित्राने गावी बंगल्यावर पॅनेल आधी बसवली आणि गाडी नंतर घेतली. त्याचं म्हणणं, "आता डिझेल आकाशातून पडतं." पावसाळ्यात पडत नाही, हे तो सांगत नाही.

मधेच थोडं: सगळे आत्ताच का वळताहेत?

हे समजलं तर शोरूममधला कोणता मुद्दा खरा आणि कोणता फुगा, ते कळतं. पर्यावरणाचं प्रेम हे कारण आहे, पण पहिलं नाही. पहिलं कारण बॅटरी स्वस्त झाली. 2010 मध्ये जगात लिथियम-आयन बॅटरी पॅक किलोवॅट-अवरला हजार डॉलरहून महाग होता. 2024 मध्ये ब्लूमबर्ग-एनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत तो सरासरी 115 डॉलरवर आला होता. गाडीतला सगळ्यात महाग भाग एक-दशांशावर आला की बाजार हलणारच. त्या वर्षी जगात 1 कोटी 70 लाखांहून जास्त इलेक्ट्रिक गाड्या विकल्या गेल्या, म्हणजे दर पाच नव्या गाड्यांत एकीहून जास्त. त्यांत प्लगवर चार्ज होणाऱ्या, पण पेट्रोलवरही चालणाऱ्या हायब्रिडही आल्या. नॉर्वेत तर नव्या दहा गाड्यांपैकी जवळजवळ नऊ निव्वळ इलेक्ट्रिक होत्या. आपण अजून खूप मागे आहोत. 2024 मध्ये देशभरात लाखभर इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या, एकूण गाड्यांच्या अडीच टक्के. पण 2020 च्या जानेवारीत टाटांची नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा निवडायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या होत्या. आज चाकणमध्ये महिंद्राची बीई 6 बनते आणि दर दोन-चार महिन्यांनी नवं काहीतरी येतं.

दुसरं कारण कर. इलेक्ट्रिक गाडीवर ऑगस्ट 2019 पासून जीएसटी 5 टक्के आहे. सप्टेंबर 2025 च्या फेररचनेनंतर लहान पेट्रोल गाड्यांवर 18 आणि मोठ्यांवर 40 टक्के आहे. मोठ्या गाडीच्या गिऱ्हाइकाला इलेक्ट्रिक जास्त का खुणावते ते इथे दिसतं. लहान गाडीत तो फरक बराच कमी झालाय, आणि तिथे पहिल्या पायरीचा हिशेब जास्त काटेकोर हवा.

पायरी चौथी: गाडी निवडणं

कंपनी सांगते ती रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, प्रयोगशाळेतली असते. तिचे दोन-तृतीयांश धरा. 489 किलोमीटर लिहिलंय तर मनात 320. तेवढ्यात तुमचं रोजचं काम आणि नेहमीचा एक लांबचा फेरा बसतो का ते बघा. रोजचं काम तर कोणत्याही गाडीत बसतं. एमजीच्या कॉमेटसारखी 17.3 युनिटांची छोटी गाडीसुद्धा दिवसभर शहरात आरामात फिरते. प्रश्न लांबच्या फेऱ्याचा असतो. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल तर छोट्या बॅटरीची घ्या आणि पैसे वाचवा. एकच गाडी असेल तर 45 युनिटांच्या खाली जाऊ नका, असं माझं मत. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी 79 युनिटांची बॅटरी घेऊन रोज ऑफिसला मिरवायची, हेही मला पटत नाही.

बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी, हे विचारा. हे लिथियम बॅटरीचे दोन प्रकार. एलएफपी जास्त टिकते, उष्णता चांगली सोसते आणि आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरणं तिला चालतं. एनएमसी त्याच वजनात जास्त वीज साठवते, पण रोजच्या वापरात 80 टक्क्यांवर थांबवावी. वॉरंटी बहुधा 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर असते. काही कंपन्या "आयुष्यभर" म्हणतात, ती सवलत पहिल्या मालकापुरती आहे का ते वाचा. जुनी विकताना यावरच भाव ठरतो.

बॅटरी भाड्याने घेण्याची पद्धत 2024 मध्ये एमजीच्या विंडसरबरोबर गाजली. गाडी स्वस्त, बॅटरीचे किलोमीटरमागे पैसे. कागदावर छान दिसतं, पण अनेकदा दरमहा किमान किलोमीटरची अट असते. आमच्या पहिल्या पायरीतला तुमचा आकडा त्या अटीपेक्षा कमी असेल तर ते भाडं नसून नाव बदललेला हप्ताच आहे.

टेस्ट ड्राइव्हला घरच्या सगळ्यांना न्या आणि मागच्या सीटवर उंच माणसाला बसवा. बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांत मागची जमीन उंच येते आणि गुडघे वर होतात. आईला अर्धा तास बसवल्यावर मला एक मॉडेल तिथल्या तिथे रद्द करावं लागलं. स्टेपनी आहे की नुसती पंक्चरची किट, तेही डिकी उघडून बघा.

पायरी पाचवी: कागदपत्रं

इथे फारसं काही नाही. महाराष्ट्राच्या 2025 च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्कात माफी आहे, ती कोटेशनमध्ये दिसते का बघा. केंद्राचं अनुदान खाजगी कारला नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांची आयकर वजावट मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. एखादा सेल्समन अजून ती सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या बोलण्यालाही चाळणी लावा. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता इलेक्ट्रिकला 15 टक्के कमी असतो. स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात बॅटरीत पाणी शिरणं आणि चार्जर, दोन्ही येतात का ते लेखी घ्या.

टोलची माफी या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गासाठी आहे. फास्टॅगची नोंद गाडीच्या नंबराशी नीट जुळलेली ठेवा आणि पैसे कापल्याचा संदेश आला तर तो पुसू नका. बाकीच्या रस्त्यांवर माफी गृहीत धरू नका.

पायरी सहावी: पहिला लांबचा प्रवास

गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोकण गाठू नका. पुणे-कोल्हापूर हा शिकण्यासाठी उत्तम रस्ता आहे. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, सातारा आणि कराडच्या आसपास चार्जर, आणि चार्जर बंद असला तरी पुढचा फार लांब नाही. निघण्याआधी दोन-तीन ॲप घरीच उतरवून त्यांत पैसे भरून ठेवा, कारण प्रत्येक चार्जरवाल्याचं ॲप वेगळं आणि नेमकं तिथेच नेटवर्क नसतं. प्लगशेअर या चार्जर शोधण्याच्या ॲपवर आधीच्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. "काल चालू होता" ही ओळ कंपनीच्या नकाशापेक्षा विश्वासाची.

जलद चार्जर 80 टक्क्यांपर्यंत भराभर भरतो आणि मग रेंगाळतो. ऐंशीला निघा. शंभरची वाट बघत बसलात तर मागच्या माणसाचा जीव टांगणीला. बाहेरची वीज घरच्यापेक्षा महाग, युनिटला वीस-बावीस रुपये सहज पडतात. तरीही किलोमीटरला साडेतीन रुपयांच्या आसपास, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ निम्मे. घरी चार्जिंगची सोय अजिबात नसेल तर मात्र पूर्ण हिशेब याच दराने करा आणि दर आठवड्याला जाणारा वेळही मोजा.

घाटाचं गणित पेट्रोलपेक्षा वेगळं आहे. कोकणातून आंबा किंवा तसा कुठलाही घाट चढून वर येताना साधारण सहाशे मीटर उंची चढावी लागते, आणि भरलेल्या गाडीला नुसत्या त्या चढाला 3 ते साडेतीन युनिटं जास्त लागतात. म्हणजे वीस किलोमीटरची रेंज घाटाने खाल्ली. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून त्यातली दोनेक युनिटं परत देते. म्हणून जाताना आकडा फसवतो. खाली उतरल्यावर बॅटरी अपेक्षेपेक्षा जास्त दिसते आणि परतीला तीच गाडी हात आखडता घेते. परतीच्या चढाआधी पन्नास टक्के हवेत, हा माझा नियम. वेगाचंही तसंच. एसीने फारसं बिघडत नाही, शंभरच्या पुढे दाबलेल्या पायाने बिघडतं.

गणपतीत कोकणात जाणार असाल तर चार्जरवर रांग असणार हे धरूनच निघा आणि गावच्या घरी एक चांगला पॉइंट आधीच करून ठेवा. मी पहिल्या वर्षी ते केलं नव्हतं. घराच्या पडवीतल्या सॉकेटला गाडी लावली, तर चार्जर ढिम्म. गावच्या वायरमनने येऊन बघितलं. अर्थिंगची वायर होती, पण ती मागीलदारी भिंतीतून बाहेर येऊन तशीच लोंबकळत होती, जमिनीत गेलीच नव्हती. चाळीस वर्षं त्या घरात फ्रिज, पंप, इस्त्री सगळं चाललं, कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याने खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून पट्टी पुरली, दोन बादल्या पाणी ओतलं, आणि हिरवा दिवा लागला तेव्हा आरतीची वेळ झाली होती.